प्रतीक्षायादीत एकही अर्जदार नाही

डोळ्यांत औषध घातल्यावर दोन-तीन तास काही वाचता येणार नाही, हे चष्म्याच्या दुकानातल्या बाईंनी मला आधीच सांगितलं होतं. तरी मी पिशवीत पुस्तक नेलं होतं. पुस्तकाशिवाय बाहेर पडलो की हात कुठे ठेवायचे ते मला कळत नाही. डब्लिनमधल्या रॅथमाइन्सच्या त्या दुकानात मी भिंतीकडेच्या खुर्चीत बसलो होतो. पुस्तक मांडीवर मिटलेलं, बुबुळं ताणल्यासारखी, समोरच्या कपाटातले दिवे पाण्यात पडल्यासारखे पसरलेले. काउंटरवर रेडिओ चालू होता. एरवी मी रेडिओकडे लक्ष देत नाही, त्या दिवशी दुसरं काही करण्यासारखं नव्हतं. सकाळी झालेल्या लोकलेखा समितीच्या बैठकीतला तुकडा लावला होता. एक खासदार बाई बोलत होत्या, आवाज कोरडा, कॉर्ककडचा हेल. “‘या योजनेच्या प्रतीक्षायादीत सध्या एकही अर्जदार नाही.’ हे यंदाचं लेखी उत्तर, अध्यक्ष महाराज. आता गेल्या वर्षीचं वाचते.” आणि त्यांनी तेच वाक्य वाचलं. मग त्याच्या आधीच्या वर्षीचं. पुन्हा तेच. “बाई, पाढे म्हणताय का?” कोणीतरी मागून म्हणालं. “पाढे कसले, जपमाळ ओढतेय,” बाई म्हणाल्या, “पंचवीस मणी झाले, अजून देव काही पावत नाही.” समितीत हशा पिकला. चष्म्याच्या दुकानातल्या बाईसुद्धा हसल्या.

वाक्य माझं होतं. ते ऐकताना पहिल्या क्षणी मला काय वाटलं, हे खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. गर्दीत आपल्या गावचा माणूस दिसावा तसं. दुसऱ्या क्षणी मी पुस्तकाच्या कडा दाबत बसलो. निवेदक पुढची माहिती देत होता. पश्चिम किनाऱ्यावरच्या म्हाताऱ्या माणसांच्या घरांत कठडे, उतार, खालच्या मजल्यावर न्हाणीघर करून देण्याची ही योजना. दरवर्षी तिच्यासाठी पैसे मंजूर होतात आणि जवळजवळ सगळेच्या सगळे परत जातात. महालेखापरीक्षकांनी अहवालात त्यावर बोट ठेवलं होतं. अध्यक्षांचं म्हणणं सरळ होतं: कोणाला नकोच असेल तर योजना डिसेंबरअखेर बंद करा. पुढच्या गुरुवारी खात्याच्या सचिवांना बोलावलं होतं. सचिव म्हणजे ऊना प्रेंडिव्हिल. एके काळी ती माझ्या हाताखाली होती.

घरी चालत निघालो. औषधामुळे उजेड सहन होत नव्हता. बसथांब्याशी उगाच उभा राहिलो तर शेजारच्या बाईंनी विचारलं, “आजोबा, कितवी हवी? नंबर मी सांगते.” मी म्हणालो, मला बस नको आहे. “मग थांब्यावर कशाला उभे आहात?” मी चालू लागलो. आमच्या खात्यात असताना अशा प्रश्नाला मी दहा मिनिटांत उत्तर लिहिलं असतं, आणि ते इतकं नेमकं असतं की त्या बाईंना काहीच कळलं नसतं. ही माझी बढाई नाही. खरं तर मला आयुष्यात हे एकच काम बरं जमलं, आणि तेही बरं जमलं का, याची आता शंका येते.

खासदाराचा प्रश्न सकाळी यायचा. दुपारी तीनपर्यंत उत्तराचा मसुदा मंत्र्यांच्या कार्यालयात जायला हवा असायचा. मसुद्याला जोडून एक टिपण. उत्तर छापलं जायचं, जगाला दिसायचं. टिपण फक्त मंत्र्यांसाठी. उत्तरात न सांगितलेलं सगळं टिपणात, म्हणजे सभागृहात कोणी उपप्रश्न विचारलाच तर मंत्री उघडे पडू नयेत. नव्या माणसाला आम्ही पहिल्या आठवड्यात शिकवायचो की जे विचारलंय त्याचं उत्तर द्या, जे विचारायला हवं होतं त्याचं नाही. नव्व्याण्णव सालच्या ऑक्टोबरमध्ये पश्चिम किनाऱ्यावरच्या मेयोच्या एका खासदाराने विचारलं की या योजनेच्या प्रतीक्षायादीत आमच्या भागातले किती लोक आहेत. त्या महिन्यात यादी डब्लिनहून काढून जिल्ह्यांच्या कार्यालयांकडे द्यायची होती. जुनं रजिस्टर तीस सप्टेंबरला बंद केलं होतं. नवं रजिस्टर प्रत्येकाच्या घराची पाहणी झाल्यावर, एक डिसेंबरला, जिल्ह्यात उघडायचं होतं. मधल्या दोन महिन्यांत माणसं खोक्यांत होती. म्हणजे त्यांचे अर्ज. यादी नव्हती, म्हणून यादीत कोणी नव्हतं. मी वाक्य लिहिलं आणि टिपणात स्पष्ट म्हटलं की दोनशेहून जास्त अर्ज हस्तांतरात आहेत, डिसेंबरनंतर आकडा बदलेल. ऊना तेव्हा चोवीस वर्षांची असेल, टिपरेरीहून आलेली, नवा कोट घातलेली. तिने मसुदा टाइप केला आणि मान वर न करता विचारलं, “पण माणसं तर आहेत ना?” मी म्हणालो, “प्रश्न यादीबद्दल आहे.” ती म्हणाली, “बरं.” खिडकीबाहेर पाऊस नव्हता, ऊनही नव्हतं. माझ्या टेबलावर अर्धं खाल्लेलं चीजचं सँडविच होतं. हे इतकं आठवतं आणि अर्ज नक्की किती होते ते आठवत नाही.

वसंतात माझी बदली झाली, बंदरांच्या कामाकडे. आमच्याकडे माणूस एका टेबलावर फार वर्षं ठेवत नाहीत. नवं रजिस्टर उघडलंच नाही, हे मला पुढे कितीतरी वर्षांनी कळलं. जिल्हे खात्याकडून रजिस्टरच्या नमुन्याची वाट बघत होते, खातं जिल्ह्यांकडून नावांची. आणि प्रश्न मात्र दरवर्षी येत होता. टेबलावर नवा आलेला माणूस काय करतो? मागच्या वर्षीचं छापील उत्तर काढतो, तारीख बदलतो, रजिस्टर बघतो. रजिस्टर बंद असल्यामुळे पुढची पानं कोरी. आकडा जुळला. टिपण कोणी काढत नाही, कारण टिपण छापलेलं नसतं. ते फायलीत असतं, आणि फाइल तळघरात. मीही असाच मागच्या उत्तरांवरून शिकलो होतो. अशा वेळी कोणी खोटं बोलत नाही. मी हे सबब म्हणून सांगतोय की वर्णन म्हणून, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

दोन हजार तीनमध्ये ॲट्रॅक्टाचा फोन आला होता. ॲट्रॅक्टा माझी मोठी बहीण. मेयोत, बेलमुलेटच्या पलीकडे, आम्ही जन्मलो त्याच घरात राहते. तिने लग्न केलं नाही, मीही नाही. त्यावरून ती म्हणायची की देवाने डेव्हनी घराण्याचा एकदाच अंदाज घेतला आणि पुरे म्हणाला. तिच्या शेजारच्या बायना गॉहनचा खुबा मोडला होता. घराच्या दाराशी दगडाच्या चार पायऱ्या. “बाहेरच पडता येत नाही बिचारीला,” ॲट्रॅक्टा म्हणाली, “चर्चची मिस्सा नाही, बाजार नाही. पाद्री घरी येतो तर म्हणते, हा माझी बिस्किटं खायला येतो. तुमच्या खात्याची ती उताराची योजना आहे ना, तिचा फॉर्म भरून तीन वर्षं झाली. बघ की जरा.” मी बघितलं. बघितलं म्हणजे काय केलं? खात्याच्या ग्रंथालयात गेलो, त्या वर्षीच्या छापील उत्तरांचा खंड काढला आणि वाचला. माझं वाक्य जसंच्या तसं होतं. तेव्हाही मला बरं वाटलं. चार वर्षं टिकलेलं वाक्य. रात्री ॲट्रॅक्टाला सांगितलं, “यादीत कोणीच नाही, म्हणजे तिचा नंबर लगेच लागेल.” ती म्हणाली, “यादीत कोणी नाही? मग बायना कुठे आहे रे?” मी म्हणालो, काहीतरी कागदाचा घोळ असेल, मी विचारतो. विचारलं का? एक फोन केला असावा. त्या विभागातल्या माणसाने मला तेच उत्तर वाचून दाखवलं असावं. नक्की सांगता येत नाही. बायना अजून सहा वर्षं जगली. बाहेर पडली ती शेवटी, चौघांच्या खांद्यावरून. तिला मी लहानपणी ओळखायचो. तिच्या घरी पहिल्यांदा संत्रं खाल्लं होतं.

रविवारी ऊना घरी आली. आधी फोन केला, मग मनुकांचा ब्रेड घेऊन आली, लोण्याचा पुडासुद्धा तिनेच आणला. ती आता पन्नाशीची आहे, केस पांढरे ठेवते, बोलताना हाताने कपाची कड पुसते. ती सवय तेव्हाही होती. पुस्तकांच्या ढिगावरून वाट काढत ती खुर्चीपर्यंत पोचली.

“एवढी वाचता?”

“वाचलेली कमी आहेत. विकत घेतलेली जास्त.”

“तुम्ही अजून तसेच आहात,” ती म्हणाली. मग सरळ मुद्द्यावर आली. “रेडिओ ऐकलात?”

“ऐकला.”

“कॉर्कची ती बाई मला सोलून काढणार आहे. पहिलाच प्रश्न असेल, हे वाक्य आलं कुठून. नव्व्याण्णवची फाइल मिळत नाही. तळघरात पाणी शिरलं होतं तेव्हा गेली असणार. मी सांगणार आहे की मूळ कागद सापडत नाहीत. आणि ते खरं आहे.”

“खरं आहे,” मी म्हणालो.

“मग समिती म्हणेल, कारकुनी चूक. योजना बंद होईल, दुसरी कधीतरी येईल. नवी, नीट रजिस्टर असलेली. मॅलकी, मी त्यातून चांगलंच काढू शकते.” तिने कप खाली ठेवला. “फक्त कोणी मधेच काही आठवलं म्हणून उठू नये. तुम्हाला काही आठवतं का?”

मी तिच्याकडे बघत होतो. तिने प्रश्न असा विचारला होता की ‘नाही’ म्हणणं सोपं जावं. माझीच पद्धत. मी विचारलं, “आणि डिसेंबरपर्यंत ज्यांनी फॉर्म भरलेत ते?”

“नव्या योजनेत पुन्हा भरतील.”

“ऐंशी-पंच्याऐंशीची माणसं?”

“असं बघू नका माझ्याकडे,” ती म्हणाली. “मला हे कोणी शिकवलं?” हे ती रागाने म्हणाली नाही, म्हणून जास्त लागलं. जाताना दाराशी तिने माझ्या स्वेटरवरचा धागा काढला आणि म्हणाली, “डोळ्यांची काळजी घ्या.” उरलेला ब्रेड मी तीन दिवस खाल्ला.

पत्र लिहायला मला चार दिवस लागले. समितीला कोणीही नागरिक पत्र लिहू शकतो. बैठकीच्या सुरुवातीला आलेल्या पत्रांची यादी घेतात, एकेक क्रमांक वाचतात, नोंद घ्यायची की प्रसिद्ध करायचं ते ठरवतात. बहुतेक पत्रं तिथेच संपतात. माझा पहिला मसुदा दोन पानांचा झाला आणि त्यात कर्ताच नव्हता. ‘त्या काळी असे उत्तर देण्यात आले असावे.’ दुसऱ्यात मी इतकी पार्श्वभूमी दिली की स्वतःच कंटाळलो. अर्जांचा आकडा दोनशे चौदा की दोनशे एक्केचाळीस, यावर एक अख्खी संध्याकाळ गेली. शेवटी ‘दोनशेहून जास्त’ लिहिलं आणि ते लिहिताना चोरी केल्यासारखं वाटलं. मधे मधे असंही वाटत होतं की एवढं महत्त्व आपण आपल्याला का देतोय, कोणाला आठवतं मॅलकी डेव्हनी, निवृत्तीच्या समारंभात माझं नाव केकवर चुकीचं लिहिलं होतं. नाव उघड झालं की शेजारी बघतील, ग्रंथालयातल्या बाई बघतील. मला लोकांनी बघितलेलं आवडत नाही. मग ऊना. ती समितीसमोर एक गोष्ट सांगणार आणि माझं पत्र दुसरी. तिचं काय होईल हे मला ठाऊक नव्हतं. अकराव्या मसुद्यात चार वाक्यं उरली. वाक्य मी लिहिलं. ज्या दिवशी लिहिलं त्या दिवशी ते फक्त यादीपुरतं खरं होतं. दोनशेहून जास्त अर्ज तेव्हा खोक्यांत होते आणि नवं रजिस्टर कधी उघडलं नाही, म्हणून ती खोकी जिल्ह्यांच्या कार्यालयांत अजून असतील. मला हे दोन हजार तीनमध्ये कळायला हवं होतं, कारण तेव्हा मला एका अर्जदाराचं नाव सांगण्यात आलं होतं. बुधवारी किल्डेअर स्ट्रीटला, संसदेत, स्वतः जाऊन फाटकावरच्या शिपायाच्या हातात लिफाफा दिला. “यात स्फोटक काही नाही ना, साहेब?” तो हसून म्हणाला. मी गंभीरपणे नाही म्हणालो. एक प्रत ऊनाच्या नावाने टाकली. फोन करण्याचं धाडस झालं नाही.

गुरुवारी टीव्हीसमोर बसलो. संसदेच्या वाहिनीवर बैठका दाखवतात, बघणारे माझ्यासारखेच असणार. अध्यक्षांनी पत्रं घ्यायला सुरुवात केली. “क्रमांक आठशे बारा, श्री. डेव्हनी, डब्लिन सहा, निवृत्त अधिकारी. नोंद घेऊन प्रसिद्ध करायचं. मान्य?” “मान्य,” दोघं-तिघं म्हणाले. “क्रमांक आठशे तेरा—”

“एक मिनिट, अध्यक्ष महाराज,” कॉर्कच्या बाई म्हणाल्या. “आठशे बारा कोणी वाचलंय का?”

“पत्रं सगळ्यांना पाठवलेली आहेत.”

“पाठवलेली आहेत हो. वाचलंय का, विचारलं.”

आणि त्यांनी चारही वाक्यं वाचली. माझ्या खोलीत, माझ्या खुर्चीत बसून मला वाटलं की अंगातले कपडे कोणी उतरवून घेतोय. वाक्यं वाईट नव्हती. तिसऱ्यात एक स्वल्पविराम जास्त होता. पत्रं संपल्यावर ऊनाला आत बोलावलं. ती बसली, मागे तिची माणसं, समोर जाड फाइल. कॅमेरा जवळ गेला तेव्हा ती पाण्याच्या पेल्याची कड पुसत होती. बाईंनी विचारलं, “सचिव महोदया, हे वाक्य कुठून आलं, याबद्दल खात्याला काय माहीत आहे?” मला तिचं वाक्य पाठ होतं. मूळ कागद सापडत नाहीत. ते अजूनही खरं होतं. ऊनाने फाइल उघडली, पान काढलं, ते थोडा वेळ बघितलं. मागच्या माणसाने पुढे वाकून काहीतरी सांगितलं. तिने नकारार्थी मान हलवली. “पत्रात लिहिलंय ते बरोबर आहे,” ती म्हणाली. “मी तेव्हा त्या खोलीत होते. तो मसुदा मी टाइप केला. मी एकदा विचारलं होतं की माणसं आहेत ना. पुन्हा कधी विचारलं नाही.” नंतर तिला दोन तास धारेवर धरलं. मी सगळं बघितलं, उठलो नाही, चहा केला नाही. शेवटी अध्यक्षांनी सांगितलं की योजना बंद करण्याचा विषय थांबवावा, खोकी उघडावीत आणि किती अर्जदार हयात आहेत ते सहा आठवड्यांत कळवावं. हयात हा शब्द त्यांनी अगदी सहज वापरला.

साडेसहाला ॲट्रॅक्टाचा फोन आला. तो येणार हे मला ठाऊक होतं. बायनाबद्दल ती काय म्हणेल ते मी दिवसभर तिच्या आवाजात ऐकत होतो.

“तुझं नाव घेतलं रे रेडिओवर,” ती म्हणाली. “आडनावासकट. दुकानातल्या मॉरिननं मुद्दाम फोन करून सांगितलं. म्हणते, तुझा भाऊ गाजला.”

“बायनाचं—” मी म्हणालो.

“बायनाचं राहू दे. बायना गेली. ती तुझ्यावर रागावली नव्हती, तिला तू आहेस हेच आठवत नव्हतं.” मग ती जराशी खोकली. “ती खोकी उघडणार म्हणजे नवे अर्जसुद्धा बघणार ना?”

“सगळे बघतील. का?”

“माझा पण आहे.”

मला वाटलं, ती थट्टा करतेय. “तुझा? कधी?”

“मार्चमध्ये तीन वर्षं होतील. खालच्या मजल्यावर न्हाणीघर मागितलंय. जिना झेपत नाही आता.”

“मला का नाही सांगितलंस?”

“काय सांगायचं? तू म्हणाला असतास, यादीत कोणी नाही, लगेच मिळेल. मग मला म्हणावं लागलं असतं की मॅलकी, तू खोटं बोलतोस. या वयात कशाला?”

टीव्हीवर आवाज बंद होता आणि दुसरीच कुठली तरी समिती बसली होती. तिच्या स्वयंपाकघरातल्या शेगडीची धडधड फोनमधून ऐकू येत होती. गेल्या तीन वर्षांत मी तिच्याशी दर रविवारी बोललो होतो. हवा, माझे डोळे, मी काय वाचतोय. तिच्याकडे जाऊन मला सात वर्षं झाली होती. लांबचा प्रवास मला झेपत नाही, असं मीच सगळ्यांना सांगितलं होतं.

“जिना कसा चढतेस?” मी विचारलं.

“बसून. जिन्याकडे पाठ करून. एकेक पायरी. अर्धा तास लागतो. उतरताना पंधरा मिनिटं. म्हणून दिवसातून एकदाच.”

“आज चढलीस?”

“आता निघणारच होते. अंधार पडल्यावर दिवा लावायला कोण जाणार वर? ठेवते.”

“ठेवू नकोस,” मी म्हणालो. “फोन बरोबर घे.”

“दोन हात लागतात रे मला.”

“खिशात ठेव. चालू राहू दे.”

ती काहीतरी पुटपुटली, बहुतेक मला मूर्ख म्हणाली. मग कापडाचा खसखस आवाज, आणि शेगडीचा आवाज लांब गेला. दार. चपलांची फरफट. मग बराच वेळ काही नाही. मग लाकूड करकरलं आणि तिचा श्वास जवळून आला, जोराचा, दातांतून सोडलेला. त्या जिन्यात तेरा पायऱ्या आहेत. सातवीपर्यंत मी मोजत गेलो. तिथे ती टेकली असावी, कारण आवाज थांबले.

“अजून आहेस का?” तिने विचारलं.

“आहे,” मी म्हणालो.